पंधरावं कलम

माझ्या टेबलावर डॉर्टच्या कॅनन्सची, म्हणजे सतराव्या शतकातल्या एका प्रोटेस्टंट धर्मसभेने ठरवलेल्या शिकवणीच्या कलमांची, एक जुनी प्रत आहे. ती माझी नाही. माझा रूममेट दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं आमचं विद्यालय, सोडून गेला, तेव्हा त्याने कपडे भरले, गादी गुंडाळली आणि पुस्तकं तशीच फळीवर राहू दिली. "तुला ठेव. मला आता काय करायचीत," एवढंच म्हणाला. त्याला पेन्सिलीने समासात लिहायची सवय होती. अक्षर बारीक, सरळ, कुठे खोडाखोड नाही. पण पहिल्या प्रकरणाच्या पंधराव्या कलमाशी आलं की पान बोटांना वेगळं लागतं. तिथे एकही शब्द नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. त्याच्या टिंबावर पेन्सिल इतकी दाबून फिरवली आहे की कागदाला आरपार भोक पडलंय.

हे कलम ज्यांच्या वाचनात नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. देवाने काही माणसांना तारणासाठी निवडलं आहे आणि तेही त्यांच्या कुठल्याही गुणाकडे न पाहता, हे आधीच्या कलमांत येऊन गेलेलं असतं. पंधरावं कलम त्याची दुसरी बाजू मांडतं. सगळेच निवडलेले नाहीत. काहींना देवाने आपल्या अनादि संकल्पात वगळलं आहे, आणि ज्या दुर्दशेत ते स्वतःच्या दोषाने जाऊन पडले तिथेच त्यांना राहू द्यायचं ठरवलं आहे. मला हे कलम शब्दन् शब्द पाठ होतं. वाचताना पेन्सिल दाबावी असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही, आणि ते आता मला खुपतं.

पहिलं वर्ष आम्ही दोघांनी वाद घालण्यात काढलं. फार सुखाचं वर्ष होतं ते. दिवे मालवल्यावर अंधारात, आपापल्या खाटेवर पडून, आम्ही देवाच्या संकल्पांचा क्रम लावत असू. एका पक्षाचं म्हणणं असं, की देवाने आधी निवड ठरवली, कोणाला तारायचं आणि कोणाला नाही, आणि ती निवड प्रत्यक्षात यावी म्हणून माणसाची निर्मिती आणि त्याचं पापात पतन ठरवलं. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, आधी निर्मिती, मग पतन, आणि मग पडलेल्या माणसांमधून निवड. यातलं 'आधी' आणि 'मग' घड्याळातलं नव्हे. अनंतकाळात बसलेल्या देवाला आधी-नंतर कुठलं? हा क्रम तर्काचा आहे. तो पहिल्या पक्षाचा, मी दुसऱ्या. तो म्हणायचा, कारागीर शेवट डोळ्यांसमोर ठेवूनच पहिला घाव घालतो. मी म्हणायचो, मग तुझा देव अजून घडवलेल्याही नसलेल्या, अजून काहीच केलेलं नसलेल्या माणसाला टाकून देतो, त्याचं काय?

बाहेरून ऐकणाऱ्याला हा शब्दांचा कीस वाटेल. मला तो तसा वाटला नाही, आजही वाटत नाही. आम्ही क्रमाबद्दल बोलत होतो, पण आमच्या बोलण्याच्या तळाशी एकच प्रश्न होता, देव चांगला आहे का? केवळ बलवान असलेल्या देवापुढे कोणीही वाकेल. तो चांगला आहे की नाही हे ज्याला कळून घ्यायचं असतं, तोच रात्री दोन वाजता क्रम लावत बसतो. लायडन विद्यापीठात गोमारस आणि आर्मिनियस हे दोन प्राध्यापक याच प्रश्नावरून एकमेकांना भिडले. गोमारस म्हणे, निवड केवळ देवाच्या इच्छेने. आर्मिनियस म्हणे, माणूस विश्वास ठेवेल की नाही हे आधीच पाहून देव ती करतो. आर्मिनियस १६०९ मध्ये वारला, त्याच्या मतांच्या पाळकांनी १६१० मध्ये पाच मुद्द्यांचं निवेदन दिलं, आणि त्याला उत्तर म्हणून १६१८ च्या नोव्हेंबरात नेदरलँड्समधल्या डॉर्डरेख्ट, म्हणजेच डॉर्ट, शहरात सभा बसली. इंग्लंड, जिनिव्हा, पॅलाटिनेट अशा ठिकाणांहून प्रतिनिधी आले. पुढच्या मेपर्यंत ती चालली. कॅनन्स तिथेच जन्मले.

आम्हाला हे सगळं पाच मुद्द्यांच्या एका सुटसुटीत फुलासारखं शिकवतात. इंग्रजी आद्याक्षरांचं ट्यूलिप. ती आद्याक्षरं विसाव्या शतकातली आहेत. डॉर्टच्या लोकांनी असं कुठलंही फूल पाहिलं नव्हतं, त्यांचा क्रमही वेगळा होता. आणि त्या सभेत फुलासारखं फार थोडं होतं. जानेवारीत अध्यक्ष बोगरमान यांनी विरोधी पक्षाच्या पाळकांना रागाने सभेबाहेर काढलं. पुढे त्यांच्यापैकी सुमारे दोनशे जणांना मंडळ्यांवरून दूर केलं गेलं. सभा संपत असतानाच, १३ मे १६१९ रोजी, त्यांची बाजू घेणाऱ्या ओल्डनबार्नेव्हेल्ट या ७१ वर्षांच्या मुत्सद्द्याचं हेगमध्ये शिर उडवलं. आरोप राजकीय होते, पण दोन्ही गोष्टी एकमेकींत किती गुंतल्या होत्या हे तेव्हाच्या कोणालाही सांगायची गरज पडली नसती. कृपेबद्दलचा इतका बारीक, इतका काळजीपूर्वक लिहिलेला मजकूर अशा वातावरणात तयार झाला, ही गोष्ट मला वर्गात कोणी गंभीरपणे समजावून सांगितली नाही. मीही विचारलं नाही. मला वाद जिंकायचे होते.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला माझ्या मित्राच्या ताईचं बाळ गेलं. नवव्या दिवशी. तो घरी गेला, पाच दिवसांनी परत आला आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात बसला. योगायोगाने त्या आठवड्यात कॅनन्सचंच वाचन चालू होतं. सरांना बाळाचं कळलेलं होतं. त्यांनी वही मिटली आणि पहिल्या प्रकरणाचं सतरावं कलम हळू आवाजात वाचलं. विश्वासणाऱ्यांची मुलं, देवाने त्यांच्या आईवडिलांशी केलेल्या करारामुळे, पवित्र आहेत. म्हणून देव ज्यांना बालपणीच या जीवनातून बोलावून घेतो त्या मुलांच्या निवडीबद्दल आणि तारणाबद्दल देवभीरू आईवडिलांनी शंका बाळगू नये. त्यांनी कॅनन्सच्या समारोपातला उल्लेखही दाखवला. विश्वासणाऱ्यांच्या निष्पाप लेकरांना आईच्या छातीपासून ओढून नरकात लोटलं जातं असं आम्ही शिकवतो, हा आमच्यावरचा खोटा आळ आहे आणि आम्ही तो मनापासून धिक्कारतो, असं डॉर्टची सभा सांगते. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या पाळकांनीही लहान शवपेट्या उचलल्या असणार. सतराव्या कलमाचा स्वर ऐकला की ते जाणवतं.

मित्र उभा राहिला. "सर, ताईच्या बाळाशेजारच्या काचपेटीत अजून एक बाळ होतं. तेही त्याच रात्री गेलं. त्याचे आईवडील विश्वासणारे नाहीत. त्याच्याबद्दल कलम काय म्हणतं?"

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कलम गप्प आहे."

ते उत्तर प्रामाणिक होतं आणि त्यासाठी मी त्यांना अजून मानतो. त्यांनी पुढचा इतिहासही सांगितला. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत, म्हणजे इंग्लंडात लिहिलेल्या अशाच शिकवणीच्या मसुद्यात, 'निवडलेली बालकं' एवढाच शब्दप्रयोग आहे, न निवडलेली बालकं असतात की नाही ते वाचणाऱ्यावर सोडलेलं आहे. पुढे १९०३ मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीने एक खुलासा जोडला, की बालपणी मरणारी सगळीच मुलं कृपेच्या निवडीत आहेत असं आम्ही मानतो. मित्राने विचारलं, "हे त्यांना शास्त्रात सापडलं, की सहन होईना म्हणून लिहिलं?" सर म्हणाले, "दोन्ही असू शकतं. सहन होईना म्हणून माणूस पुन्हा शास्त्राकडे जातो." तास संपला. पंधराव्या कलमाच्या समासातलं ते भोक त्या रात्री पडलं असावं असं मला वाटतं. मी शेजारच्याच टेबलावर होतो, मला पेन्सिलीचा आवाज आला असणार. आठवत नाही.

त्यानंतर तो उपासनेला यायचा, पण गाणी म्हणायचा नाही. महिन्याभराने त्याने मला सांगितलं, "मला वाटतं, तिथे कोणी नाही." आवाजात बंड नव्हतं. घरातला एखादा दिवा गेला आहे हे सांगावं तसं सांगितलं. मी म्हणालो, "हा एक टप्पा आहे." तो काही बोलला नाही.

आणि मग विश्वाससमर्थनाच्या, म्हणजे विश्वासाची बाजू तर्काने मांडायला शिकवणाऱ्या, तासाला वाद ठेवला गेला. नास्तिकाची बाजू मांडायला तो स्वतःहून उभा राहिला. बाकीच्यांना वाटलं तो भूमिका करतोय. खरं काय ते वर्गात फक्त मला ठाऊक होतं. समोर मी.

त्या सत्रात आम्ही विसाव्या शतकातले ईश्वरविज्ञानी कॉर्नेलियस व्हॅन टिल वाचत होतो. त्यांचं म्हणणं असं, की देव आहे की नाही हा प्रश्न तटस्थ जमिनीवर उभं राहून सोडवता येतच नाही, कारण तशी जमीन कुठे नाही. विचार करायला लागणारं सगळं, तर्क, नीती, निसर्गाची शिस्त, देवाकडूनच आलेलं आहे. नास्तिक ते सगळं वापरतो आणि देणाऱ्याला नाकारतो. त्यांचा एक दृष्टांत प्रसिद्ध आहे, बापाच्या मांडीवर बसलेलं मूल बापाच्या तोंडात मारतं, आणि मांडीवर आहे म्हणूनच त्याचा हात तिथवर पोचतो. याला पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाचा आधार. देवाविषयीचं ज्ञान प्रत्येकाला उघड आहे, माणसं ते दाबून ठेवतात. आमच्या परंपरेचा पाया घालणारा सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन यानेही लिहिलं आहे की देवाची जाणीव प्रत्येक माणसाच्या मनावर कोरलेली आहे.

मित्राचा मुद्दा साधा होता. जे. एल. शेलेनबर्ग या तत्त्वज्ञाने १९९३ मध्ये तो नीट बांधून मांडला आहे. प्रेम करणारा देव असेल तर त्याच्याशी नातं जोडायला तयार असलेल्या, कसलाही विरोध मनात नसलेल्या माणसाला तो निदान आपण आहोत एवढं तरी कळू देईल. पण विरोध नसताना विश्वास हरवलेली माणसं आहेत. मी म्हणालो, "अशी माणसं नाहीतच. तुला ठाऊक आहे देव आहे. तू ते दाबून ठेवतो आहेस."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी रोज रात्री तुझ्यापासून सहा फुटांवर झोपतो. तू मला ओळखतोस. मी काही दाबून ठेवतोय असं तुला दिसतं?"

मी म्हणालो, "मला काय दिसतं याला महत्त्व नाही. शास्त्र काय सांगतं याला आहे."

टाळ्या पडल्या. तीन आठवड्यांनी तो गेला.

त्यानंतर मी दीड वर्ष माझ्या त्या एका वाक्याभोवती फिरतो आहे. पौलाचं वचन मी टाकलेलं नाही. माणूस सत्य दाबून ठेवतो हे मला खरंच वाटतं, आणि सगळ्यात आधी ते मला माझ्यात दिसतं. त्या दिवशी मला दिसत होतं की मित्र खोटं बोलत नाही. तेच मी दाबून ठेवलं आणि वर शास्त्राचं नाव दिलं. शिवाय पौलाचा तो अध्याय तिथे संपत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात तो वळून वाचणाऱ्यालाच पकडतो, की अरे दोष लावणाऱ्या, तुलाही सबब नाही. आम्ही तासाला पहिला अध्याय वाचला आणि थांबलो. आणि त्या दृष्टांतातलं मूल अजून बापाच्या मांडीवरच आहे. मार खाऊनही बाप त्याला खाली उतरवत नाही. खाली उतरवण्याचं काम मी केलं.

त्याच्या जाण्यानंतर मी नास्तिकांचं लेखन नीट वाचायला घेतलं. आधी खोडून काढण्यासाठी वाचत असे, आता त्याला काय वाटत असेल ते समजून घ्यायला. त्यात एक गोष्ट अशी सापडली की मी हात टेकले. १९५५ मध्ये जे. एल. मॅकी या नास्तिक तत्त्वज्ञांनी दुःखाच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्ण चांगला आहे, आणि तरी वाईट आहे, ही तीन वाक्यं एकत्र नांदू शकत नाहीत असा त्यांचा दावा. कोणी म्हणेल, वाईट हे माणसाच्या स्वातंत्र्यातून आलं. त्यावर ते विचारतात, मग स्वतंत्र असूनही नेहमी चांगलंच निवडणारी माणसं देवाने का घडवली नाहीत? अल्विन प्लांटिंगा या ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी सत्तरच्या दशकात याला दिलेलं उत्तर आम्हाला मोठ्या अभिमानाने शिकवतात, कारण ते आमच्याच रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या, परंपरेतले. उत्तराचा गाभा असा, की खरं स्वातंत्र्य म्हणजे दुसरं काही निवडता येणं, आणि तसं स्वातंत्र्य दिलं तर माणूस काय निवडेल ते देवालाही घडवून आणता येत नाही.

पण असं स्वातंत्र्य आमची परंपरा मानते का? आम्ही तर डॉर्टपासून सांगत आलो आहोत की देव माणसाचं मन आतून पालटतो, त्याच्या इच्छेवर जबरदस्ती न करता, आणि तरीही अचूकपणे. म्हणजे माणूस स्वतंत्रपणे आणि नक्की चांगलंच निवडेल असं देवाला करता येतं. निवडलेल्यांच्या बाबतीत तो तेच करतो. मग मॅकींचा प्रश्न आर्मिनियसच्या अनुयायांना जितका टोचतो त्याच्या दुप्पट आम्हाला टोचतो. देवाला हे सगळ्यांच्या बाबतीत करता येत होतं, तर केलं का नाही? आमच्या वर्गात आर्मिनियसला एका तासाला खोडून काढतात आणि पुढच्या तासाला नास्तिक समोर आला की आर्मिनियसच्याच ओसरीवर जाऊन उभे राहतात. हे माझ्या लक्षात यायला नास्तिकाचा निबंध वाचावा लागला. कॅल्विन निदान आडवळण घेत नाही. 'इन्स्टिट्यूट्स' या आपल्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या आवृत्तीत तो सरळ लिहितो की हा संकल्प भयंकर आहे, मी कबूल करतो. तो मूळ लॅटिन शब्द 'थरकाप उडवणारा' या अर्थाचा आहे असं काही अभ्यासक सांगतात. असेल. मला दोन्ही अर्थ चालतात. थरकाप उडालेला माणूस पेन्सिल दाबतो.

माझ्याकडे मॅकींना उत्तर नाही. माझा देवावरचा विश्वास गेलेला नाही, आणि त्याचं कारण हे नव्हे की मी मित्रापेक्षा जास्त विचार केला. मी रात्री डोळे मिटतो तेव्हा मला कोणीतरी ऐकतंय असं वाटतं. त्याला वाटत नाही. तो कमी प्रामाणिक आहे म्हणून नाही, आणि मी चांगला आहे म्हणून तर नाहीच नाही.

मंडळीच्या इतिहासाच्या अभ्यासात मला थॉमस एकनहेड भेटला. एडिनबरा विद्यापीठातला विद्यार्थी, वय वीसच्या आसपास. ८ जानेवारी १६९७ रोजी त्याला ईश्वरनिंदेसाठी फाशी दिलं. ब्रिटनमध्ये या गुन्ह्यासाठी फाशी गेलेला तो शेवटचा माणूस. त्याने मित्रांमध्ये बोलताना ईश्वरविज्ञानाला रचलेल्या बाष्कळ गोष्टींचा ढीग म्हटलं होतं. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभे राहिले ते त्याचे सोबतचे विद्यार्थीच. त्याने दयेची याचना केली. पाळकांनी शब्द टाकला असता तर शिक्षा लांबली असती, पण शहरातल्या पाळकांनी त्याला छाटून टाकावं अशाच बाजूने प्रवचनं केली, असं त्या वेळच्या एका पत्रात नोंदलेलं आहे. ही रिफॉर्म्ड मंडळी होती, माझी. शेवटच्या पत्रात त्या मुलाने लिहिलं की सत्याची न शमणारी ओढ प्रत्येक माणसात उपजतच असते, आणि ते त्याने गुप्त धनासारखं शोधलं. नीतिसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ज्ञान जसं शोधायला सांगितलं आहे तसंच. नास्तिक म्हणून फाशी जाताना त्याच्या तोंडी शास्त्राची भाषा होती.

साक्ष देणारे सोबतचे विद्यार्थी. त्या ओळीवर माझी पेन्सिल पहिल्यांदा दाबली गेली.

'नास्तिक' या शब्दाचाच मी अलीकडे बराच विचार करतो. आपल्याकडे मुळात तो वेद प्रमाण न मानणाऱ्यांसाठी होता. ईश्वर न मानणारं सांख्य दर्शन त्या हिशेबाने आस्तिक ठरलं, आणि बौद्ध, जैन नास्तिक. तोच हिशेब लावला तर मीही नास्तिकच. दुसऱ्या शतकात तर ख्रिस्ती लोकांवर हाच आरोप होता, कारण ते रोमच्या देवांना मानत नव्हते. हुतात्मा जस्टिनने लिहिलं, की अशा देवांच्या बाबतीत आम्ही नास्तिक आहोत हे आम्हाला कबूल आहे. स्मुर्णाच्या वृद्ध बिशप पॉलिकार्पला मरणाआधी सांगितलं गेलं, "नास्तिकांचा नाश असो, असं म्हण." त्याने गर्दीकडे हात केला आणि तेच शब्द उच्चारले. आमच्या पूर्वजांना ज्या नावाने जाळलं ते नाव आम्ही पुढे दुसऱ्यांना दिलं.

मित्र कोणत्या देवाला 'नाही' म्हणाला, हे मी कधी विचारलं नाही. शेजारच्या काचपेटीतल्या बाळाबद्दल ज्याच्याकडे बोलायला काही नाही, अशा देवाला तो नाही म्हणाला असेल, तर मीही त्या देवापुढे गुडघे टेकत नाही. पण हा माझा सोयीचा अर्थ झाला. त्याने "तिथे कोणी नाही" असं म्हटलं होतं. मी ते त्याच्या शब्दांत राहू द्यायला हवं.

विल्यम कूपर हा कवी याच्या अगदी उलट टोकाला होता. त्याला देवाच्या असण्याबद्दल कधी शंका आली नाही. १७७३ मध्ये त्याची खात्री पटली की देवाने आपल्याला टाकून दिलं आहे, आणि त्यानंतर तो पुन्हा उपासनेला गेला नाही. १८०० मध्ये मरेपर्यंत ती खात्री टिकली. त्याचा शेजारी आणि पाळक जॉन न्यूटन. निवडीच्या शिकवणुकीवर त्याचा पूर्ण विश्वास, आणि कूपरला पटवून द्यायला त्याच्याकडे वचनांची काय कमी होती? पटलं नाही. न्यूटनने त्याला कित्येक महिने स्वतःच्या घरात ठेवून घेतलं आणि आयुष्यभर मैत्री सोडली नाही. पटवण्यात हरलेला पाळक मला आता माझ्या त्या टाळ्यांपेक्षा जवळचा वाटतो.

आमच्या विश्वासकबुल्यांमध्ये शंकेला जागा आहे, फार कमी पाळक ती दाखवतात. आमच्या परंपरेतल्या हायडलबर्गच्या प्रश्नोत्तरावलीत खरा विश्वास म्हणजे पक्कं ज्ञान आणि मनापासूनचा भरवसा, असं १५६३ मध्ये लिहिलं गेलं. वेस्टमिन्स्टरने मात्र अठराव्या प्रकरणात सांगितलं की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्री मिळायला फार वाट पाहावी लागू शकते, आणि मिळालेली खात्रीही डळमळू शकते. खुद्द कॅल्विन म्हणतो, शंकेचा स्पर्श नसलेली खात्री आपल्याला कल्पनेतही आणता येत नाही. आणि ८८ वं स्तोत्र तर अंधार या शब्दावरच संपतं. त्याला उजेडाची शेवटची ओळ कोणी जोडली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

मित्राच्या प्रतीत पंधराव्या कलमाचं ते भोक पान उलटल्यावर सोळाव्या कलमात निघतं. हे कलम अशा लोकांसाठी आहे ज्यांना स्वतःत जिवंत विश्वास जाणवत नाही. त्यांनी वगळलेल्यांमध्ये स्वतःची गणना करू नये, असं ते सांगतं. मिणमिणती वात न विझवण्याचं आणि चेपलेला बोरू न मोडण्याचं देवाचं वचन तिथे दिलेलं आहे. मित्राने ते वाचलं असणार. भोक पाडण्याआधी की नंतर, ठाऊक नाही.

मागच्या महिन्यात परीक्षेसाठी पुन्हा कॅनन्स काढले. तिसरं आणि चौथं प्रकरण एकत्र छापलेलं असतं. त्यातही एक पंधरावं कलम आहे. मी ते आधी किमान दहा वेळा वाचलेलं होतं. या कृपेसाठी देव कोणाचाही देणेकरी नाही, ज्याला ती मिळाली त्याने कायम आभार मानावेत, असं सुरुवातीला येतं. आणि शेवटी, ज्यांना अजून बोलावणं आलेलं नाही त्यांच्यासाठी, जे नाही त्याला ते असल्यासारखं बोलावणाऱ्या देवाकडे प्रार्थना करावी, आणि आपण स्वतःच स्वतःला वेगळं केल्यासारखं त्यांच्याशी मगरुरीने अजिबात वागू नये. पौल करिंथकरांना विचारतो ना, तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ काय आहे? तेच वचन इथे मनात धरलेलं आहे.

मी तिथेच बसून राहिलो. विश्वास हे संपूर्ण दान आहे, त्यात माझं कणभरही कर्तृत्व नाही, हे ज्या सभेने जगातल्या कोणाहीपेक्षा ठामपणे सांगितलं, तिला त्यातून काय निघतं तेही दिसलं होतं. ज्याला दान मिळालेलं नाही त्याला दटावायचा हक्क मिळालेल्याला उरतच नाही. आर्मिनियसचा अनुयायी निदान म्हणू शकेल, की मी हात पुढे केला, तू का केला नाहीस? मला तेही म्हणता येत नाही. मित्राला मी जे बोललो तो उद्धटपणा होताच, पण माझ्याच कबुलीच्या कसोटीवर ते चुकीचं ईश्वरविज्ञान होतं. तरीही गुण मलाच मिळाले.

जे नाही त्याला बोलावणारा देव. 'नास्ति' म्हणणाऱ्यासाठी याहून जवळची प्रार्थना मला सापडली नाही. रोज करतो. कसल्याही यादीचा विचार न करता, नुसतं नाव घेऊन.

गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. दीड वर्षातला पहिला. "कॅनन्सचं पुस्तक अजून आहे का? समासातल्या काही नोंदी हव्या होत्या." कशासाठी ते त्याने लिहिलं नाही, मी विचारलं नाही. पुस्तक पाठवायला काढलं. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाच्या पंधराव्या कलमाशेजारचा समास कोरा आहे. तिथे एक बारीक रेघ ओढावी म्हणून पेन्सिल हातात घेतली. मग ठेवून दिली. त्याच्या समासात पुन्हा माझाच मुद्दा कशाला?

सोबत चिठ्ठी लिहायला बसलो. पहिल्या दोन फाडल्या, दोन्हींमध्ये माफी कमी आणि स्पष्टीकरण जास्त होतं. तिसरी पुस्तकात ठेवली. "त्या दिवशी मी तुझं ऐकलं नाही. माझं चुकलं. ताई कशी आहे? बाळाचं नाव ठेवलं होतं का?"